ओरत्तनाडूचा ध्रुव

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वीस-पंचवीस किलोमीटरांच्या अंतराने, ओरत्तनाडू हे गाव लागते. रामेश्वराच्या वाटेवरील यात्रेकरूंना ते एके काळी मुक्तांबापुरम् या नावाने परिचित होते. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, आपली प्रिय सहचारिणी मुक्तांबा हिच्या स्मरणार्थ येथे छत्र उभारले. महाराष्ट्रातून निघालेला यात्रेकरू शेकडो कोस चालून येथे पोहोचला म्हणजे त्याला दोन वेळचे अन्न, निवारा आणि कानी पडली तर आपली भाषा, या तिन्ही गोष्टी मिळत. छत्राला पाठशाळेचीही जोड होती. तंजावरच्या मराठ्यांविषयी आपल्या मंडळाच्या वाचकांनी पूर्वी पुष्कळ वाचले असेल. ती वंशावळ येथे पुन्हा सांगण्याचा आमचा हेतू नाही. त्याच भूमीवरून दिसणाऱ्या एका स्थानाकडे, म्हणजे आकाशातील ध्रुवाकडे, यंत्राचा रोख नेमका कसा साधावा आणि तो साधण्यासाठी माणसांनी काय काय केले, एवढाच या लेखाचा विषय आहे.

ओरत्तनाडूचा अक्षांश सुमारे १० अंश ३७ कला उत्तर. जेवढा अक्षांश, तेवढीच ध्रुवाची क्षितिजापासून उंची, हा खगोलशास्त्रातील साधा नियम. दिल्लीत ध्रुव साडेअठ्ठावीस अंशांवर असतो, पुण्यात साडेअठरा अंशांवर, आणि ओरत्तनाडूला येईपर्यंत तो नारळीच्या शेंड्यांमागे दडावा इतका खाली उतरतो. हात लांब करून मूठ उत्तर क्षितिजावर टेकवली तर मुठीच्या वरच्या कडेशी तो असावयाचा. पुण्याच्या आकाशात ध्रुवमत्स्यातील दुसरा तेजस्वी तारा, कोखाब, कधी मावळत नाही. ओरत्तनाडूला तोही मावळतो. घर सोडून दक्षिणेस आलेल्या माणसाला आपण किती दूर आलो हे सांगणारा याहून नेमका साक्षीदार दुसरा नाही.

ध्रुवबाळाची कथा आपण सर्वांनी आजीच्या मांडीवर ऐकली आहे. ती कथा अढळपदाची आहे. शास्त्रदृष्ट्या पाहता अढळ आहे ते पद. त्या पदावर बसलेला तारा मात्र तितकासा अढळ नाही. पृथ्वीच्या अक्षाच्या परांचन गतीमुळे ध्रुवबिंदू ताऱ्यांमधून हळूहळू सरकत असतो. इजिप्तचे पिरॅमिड उभे राहत होते त्या सुमारास ठुबान हा तारा ध्रुवाच्या निकट होता. सरफोजी राजांच्या काळी आपला ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून सुमारे पावणेदोन अंश दूर होता. आज तो सुमारे ३८ कलांवर आहे आणि इ. स. २१०० च्या सुमारास अर्ध्या अंशाहूनही थोडा जवळ येऊन पुन्हा दूर जाऊ लागेल. म्हणून ध्रुवतारा दिसला म्हणजे ध्रुव सापडला, असे समजून चालत नाही. तो शेजारचा दिवा आहे; घर त्याच्या बाजूला आहे.

दुर्बिणीच्या बाबतीत हा भेद फार महत्त्वाचा ठरतो. पृथ्वी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत स्वतःभोवती एक फेरा पुरा करते, म्हणून आकाश दर सेकंदाला सुमारे १५ विकला या वेगाने पश्चिमेकडे सरकताना दिसते. शक्तिशाली दुर्बिणीत तारा पाहावा तो काही क्षणांतच क्षेत्राबाहेर निघून जातो. यावर उपाय म्हणजे विषुववृत्तीय बैठक. तिच्या दोन अक्षांपैकी एक पृथ्वीच्या अक्षाला समांतर, अर्थात ध्रुवाकडे रोखलेला असतो. तो ध्रुवाक्ष पृथ्वीच्या उलट दिशेने त्याच गतीने फिरविला की तारा जागच्या जागी थांबल्यासारखा दिसतो. जर्मनीतील फ्राउनहोफर या कारागीर-शास्त्रज्ञाने १८२४ मध्ये डॉर्पाटच्या वेधशाळेसाठी केलेल्या दुर्बिणीत ही रचना, घड्याळासारख्या यंत्राने आपोआप फिरणारी, इतकी सुघड झाली की तिचा नमुना आजही चालू आहे.

यंत्र बिनचूक बसविण्याची तळमळ मात्र तंजावरच्या भूमीने त्याआधीच पाहिली होती. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने सरफोजी राजांचा राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे उरला तो तंजावरचा किल्ला, भोवतालचा परिसर आणि विद्येचा व्यासंग. सरस्वती महाल ग्रंथालयाची त्यांनी केलेली भर सर्वश्रुत आहे. जगाचा भूगोल गाण्यांतून सांगणारे ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाट्य त्यांच्याच नावावर आहे. १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर त्यांनी भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. त्या अक्षरांना जेमतेम पाच वर्षे होतात न होतात तोच त्याच तंजावरात विज्ञानाच्या इतिहासातील एक प्रसंग घडला.

विल्यम लॅम्बटन या अधिकाऱ्याने १८०२ च्या एप्रिलमध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घातला. त्याचे मुख्य साधन म्हणजे लंडनच्या विल्यम कॅरी याने घडविलेला थोरला थिओडोलाइट. त्याचे आडवे वर्तुळ ३६ इंच व्यासाचे, आणि वजन सुमारे अर्धा टन. डोंगराळ मुलुखात टेकडीच्या माथ्यावर असे यंत्र चढविता येते. कावेरीच्या सपाट खोऱ्यात टेकड्या कोठल्या? तेथे देवळांची शिखरे आणि गोपुरे हीच उंच ठाणी. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर हे यंत्र दोरखंडांनी चढविले जात असता, त्याला भिंतीपासून दूर ओढून धरणारा दोर तुटला. यंत्र पेटीसह भिंतीवर आदळले आणि ज्या वर्तुळावरील रेघांच्या आधारे साऱ्या दक्षिण देशाचे कोन मोजले जात होते, ते वर्तुळच वाकले.

दुसरे यंत्र इंग्लंडहून मागवावयाचे तर वर्षे लागली असती. लॅम्बटनने निवडक कारागिरांसह स्वतःला तंबूत कोंडून घेतले आणि यंत्राचा खिळा न् खिळा सुटा केला. एका सपाट फळीवर हव्या त्या मापाचे वर्तुळ कोरून, पाचरी, मळसूत्रे आणि कप्प्या यांच्या साह्याने वाकलेली कड त्याने हळूहळू पूर्ववत् ओढून आणली. वाकलेले आरे लाकडी हातोड्यांनी ठोकून सरळ केले. या कामाला सहा आठवडे लागले. त्यानंतर हे यंत्र पुन्हा कामास लागले आणि पुढे कित्येक वर्षे चालले. दुरुस्त केलेले वर्तुळ अगदी निर्दोष असणे शक्य नव्हते. परंतु तोच कोन वर्तुळाच्या निरनिराळ्या भागांवर पुनःपुन्हा मोजून सरासरी घेतली म्हणजे आखणीचे दोष बव्हंशी परस्परांना छेदतात. पुढे एव्हरेस्टच्या कारकिर्दीत ही रीत नियमाप्रमाणे पाळली जाऊ लागली. आपल्या यंत्राचा दोष किती आहे हे ठाऊक असणे आणि तो हिशेबात धरणे, याचेच नाव अंशशोधन.

याच सर्वेक्षणात उत्तर दिशा ठरविण्यासाठी ध्रुवताऱ्याचा उपयोग होई, आणि त्यातील युक्ती मोठी मार्मिक आहे. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवाभोवती लहानसे वर्तुळ काढतो. त्या वर्तुळाच्या अगदी पूर्वेच्या वा अगदी पश्चिमेच्या टोकाला तो पोहोचतो, त्या वेळी काही काळ तो केवळ वर किंवा खाली सरकत असतो, आडवा सरकत नाही. त्यामुळे घड्याळ थोडे मागेपुढे असले तरी दिशेत फारशी चूक होत नाही. ताऱ्याचे ध्रुवापासूनचे अंतर माहीत असले की तेवढे वळते करून शुद्ध उत्तर मिळते. हा लॅम्बटन पुढे आयुष्यभर तेच काम करीत उत्तरेकडे सरकत राहिला आणि २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला. तंजावरच्या शिखराशी यंत्र फुटलेल्या माणसाची कबर विदर्भाच्या मातीत आहे.

आता महाराष्ट्रातून दक्षिणेस आलेल्या एका दुर्बिणीची हकीकत. कावसजी दादाभाई नायगमवाला या पारशी प्राध्यापकाने १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्याकडून पाच हजार रुपयांची देणगी मिळविली. मुंबई सरकारने तितकीच भर घातली. या उद्योगातून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून नावाजलेल्या संस्थेत, १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिची मुख्य दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातील, वीस इंच व्यासाच्या आरशाची होती आणि कित्येक दशके ती भारतातील सर्वांत मोठी दुर्बीण मानली जाई. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकून वेध घेतले. त्याच ग्रहणासाठी नॉर्मन लॉकियर विजयदुर्गास आला होता. १८६८ मध्ये त्याने विजयदुर्गावरूनच हेलियमचा शोध लावला, असे कोकणात सांगितले जाते. वस्तुतः त्या वर्षी तो इंग्लंडातच होता. मात्र दुर्बिणीसाठी तात्पुरता का होईना, पक्का ओटा लागतो, ही गोष्ट त्या दोन्ही तळांनी महाराष्ट्राला दाखविली. मद्रासच्या वेधशाळेत तर १७९२ मध्येच यंत्रासाठी एकसंध ग्रॅनाइटचा खांब रोवला होता. वेधशाळा गेली, खांब आजही चेन्नईत उभा आहे.

नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले, आणि त्यांच्याबरोबर पुण्याची वेधशाळाही बंद झाली. अवघे चोवीस वर्षांचे तिचे आयुष्य. यंत्रसामग्री कोडईकनालच्या वेधशाळेकडे रवाना झाली आणि वीस इंची दुर्बीण तेथे ‘भावनगर दुर्बीण’ या नावाने ओळखली जाऊ लागली. येथे आमच्या विषयाचा गाभा आहे. पुण्याचा अक्षांश १८ अंश ३१ कला, कोडईकनालचा १० अंश १४ कला. ध्रुवाक्षाचा कल तब्बल ८ अंश १७ कलांनी कमी केल्यावाचून ती दुर्बीण कोडईकनालला उपयोगी पडणे अशक्य होते. पुण्याच्या कोनातच तिला बसविले असते, तर आकाशाच्या काही भागांत तारा तासाला दोन अंशांहून अधिक, म्हणजे पूर्णचंद्राच्या चार बिंबांइतका, घसरला असता. कितीही उत्तम आरसा असता तरी त्याचा काय उपयोग? ध्रुव तोच, आरसा तोच. जागा बदलली म्हणून अक्षाचा कल बदलावा लागला.

कोडईकनाल आणि ओरत्तनाडू यांच्या अक्षांशांत अर्ध्या अंशाहूनही कमी अंतर आहे. तेव्हा ओरत्तनाडूच्या मोकळ्या माळावर आज एखाद्या हौशी निरीक्षकाने आपली लहान दुर्बीण मांडली, तर त्याला काय करावे लागेल, ते आता क्रमाने पाहू. आम्ही पदवीने कलाशाखेचे आणि पेशाने सरकारी फायलींचे. परंतु ही रीत समजण्यास उच्च गणिताची आवश्यकता नाही, चिकाटीची आहे.

प्रथम दिशा. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेकडे पाहत नाही आणि जवळच्या लोखंडाने ती आणखी बहकते. त्यापेक्षा आपल्या सूर्यसिद्धांतात सांगितलेली शंकूची रीत अधिक भरवशाची. सपाट जागी उभी काठी रोवून तिच्या भोवती वर्तुळ काढावे. सकाळी काठीच्या छायेचे टोक वर्तुळाला जेथे स्पर्श करील आणि दुपारनंतर जेथे स्पर्श करील, ते दोन बिंदू जोडले म्हणजे पूर्व-पश्चिम रेषा मिळते. तिला काढलेला लंब तो उत्तर-दक्षिण. एप्रिलच्या मध्यानंतर आणि ऑगस्टच्या अखेरच्या आठवड्यात ओरत्तनाडूला सूर्य मध्यान्ही नेमका डोक्यावर येतो व छाया नाहीशी होते. ते दृश्य मुलांना अवश्य दाखवावे.

दुसरी गोष्ट बैठकीची समतल स्थिती आणि ध्रुवाक्षाचा कल. तो दहा अंश सदतीस कलांवर आणावयाचा. येथे एक अडचण आहे. उत्तरेकडील देशांसाठी घडविलेल्या पुष्कळशा बैठकी इतक्या कमी कलाला सहजी उतरत नाहीत. मळसूत्र अडते, नाहीतर प्रतिभाराचा दंड तिकाटण्याच्या पायाला लागतो. दुसरी अडचण हवेची. दहा अंशांच्या उंचीवरील ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्या हवेच्या सुमारे पाचपट जाडीच्या हवेतून येतो. खारे वारे व भातशेतीचे धुके असता ध्रुवतारा दिसेलच अशी खात्री नाही. शिवाय वक्रीभवनाने तो सुमारे पाच कलांनी वर उचललेला दिसतो. कोणी ध्रुवताऱ्यालाच ध्रुव समजून अक्ष त्यावर रोखला, तर तारा मिनिटाला दहा विकलांपर्यंत घसरेल. वक्रीभवनाचे भान राखले नाही तरी मिनिटाला एक विकलेहून अधिक. डोळ्यांनी पाहण्यास हे चालेल. तासभर छायाचित्र घेण्यास ते चालणार नाही.

म्हणून ध्रुवाकडे न पाहता ध्रुव शोधण्याची रीत निघाली आणि या प्रांतात तीच सर्वांत उपयोगी आहे. मृगाच्या पट्ट्यातील तीन तारे विषुववृत्ताच्या अगदी लगत आहेत. त्यांपैकी वरचा तारा याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे येथे जवळजवळ डोक्यावर, आला असता नेत्रभिंगातील फुलीच्या तंतूंवर घ्यावा आणि यंत्र चालू ठेवून पाच-दहा मिनिटे पाहावे. पूर्व-पश्चिम सरकणे विसरावे. केवळ उत्तर-दक्षिण पाहावे. तारा दक्षिणेकडे घसरला तर ध्रुवाक्ष खऱ्या उत्तरेच्या पूर्वेस वळला आहे; उत्तरेकडे घसरला तर पश्चिमेस. तेवढे सुधारून मग पूर्वेस वीस-पंचवीस अंश वर आलेला, विषुववृत्तालगतचाच दुसरा तारा घ्यावा. तो दक्षिणेकडे घसरला तर अक्ष खाली झुकला आहे. उत्तरेकडे घसरला तर वर चढला आहे. तारा पश्चिमेचा घेतला तर हा दुसरा नियम उलटा. भिंगात उत्तर कोणती, असा संभ्रम पडल्यास नळी किंचित ध्रुवाकडे ढकलावी. तारा ज्या बाजूला जाईल ती दक्षिण. दोन्ही कसोट्या आलटूनपालटून तीन-चार वेळा केल्या की अक्ष जागी येतो.

एवढे झाल्यावर गायडिंगची पाळी. पूर्वी निरीक्षक दुसऱ्या लहान दुर्बिणीतून एका मार्गदर्शक ताऱ्यावर तासन् तास डोळा लावून बसे आणि तारा फुलीवरून ढळला की हाताने चाक फिरवून त्याला परत आणी. आज ते काम छोटा कॅमेरा आणि संगणक करतो. परंतु संगणकालाही आधी यंत्राची ओळख करून द्यावी लागते. तो प्रत्येक अक्षाची मोटर ठराविक काळ चालवितो आणि तारा कोणत्या दिशेने, किती सरकला हे मोजतो. हे अंशशोधन विषुववृत्ताजवळच्या ताऱ्यावर करणे हितावह, कारण साठ अंश क्रांतीवर तीच मोटर ताऱ्याला निम्मेच सरकविते. दात्यांमधील ढिलाईही तेव्हाच ध्यानात येते. मळसूत्री दंडाच्या फेऱ्यागणिक पुन्हा पुन्हा येणारा दोष निराळा : मुख्य चाकाला १८० दाते असतील तर तो दर आठ मिनिटांनी हजेरी लावतो. तो नियमित असल्यामुळे हिशेबात धरता येतो.

मात्र एक दोष कोणत्याही मार्गदर्शनाने सुटत नाही. ध्रुवाक्ष वाकडा असेल, तर मार्गदर्शक तारा कॅमेऱ्यात जागच्या जागी खिळून राहतो खरा, पण बाकीचे तारे त्याच्याभोवती हळूहळू फिरत राहतात. छायाचित्रात मध्ये एक टिंब आणि कडेला कमानी उमटतात. क्षणोक्षणीच्या दुरुस्त्या कितीही तत्पर असल्या, तरी मूळ अक्षाची उणीव त्या भरून काढीत नाहीत.

ध्रुव खाली असण्याने तोटाच होतो असे मात्र नाही. जेवढा ध्रुव खाली, तेवढे दक्षिणेचे आकाश अधिक मोकळे. साडेबारा अंश अक्षांशावरील कावलूर येथे वेणु बाप्पू यांनी वेधशाळेची जागा निवडली, त्या निवडीत हाही लाभ होता. तेथील २.३ मीटर व्यासाची दुर्बीण ६ जानेवारी १९८६ रोजी राष्ट्राला अर्पण झाली. तिची बैठक विषुववृत्तीयच, आणि तिचा ध्रुवाक्ष कावलूरच्याच कोनात बसविलेला.

आपले मंडळ या वर्षी पन्नास वर्षांचे झाले. पुण्याची वेधशाळा चोवीस वर्षांत मिटली, याचे कारण तिचा आरसा काळवंडला हे नव्हते. ती एका माणसावर उभी होती आणि पुढचा माणूस तयार नव्हता. आपल्या मंडळाची धुराही पहिल्या पिढीतल्या मोजक्या खांद्यांवर होती. त्यांतील अनेक आज नाहीत. येथे जन्मलेल्या मुलांना आपण पुण्या-नागपूरच्या कोनात बसवू पाहिले, तर ती पाच मिनिटांत क्षेत्राबाहेर जातील आणि आपण जन्मभर दुरुस्त्या करीत बसू. येथल्या मातीत पाया घालून, येथल्या कोनात, पण रोख त्याच ध्रुवाकडे ठेवून त्यांना उभे करावयाचे आहे. ओरत्तनाडूच्या छत्रात सरफोजी राजांनी हेच केले, असे आम्हांला वाटते.

तेव्हा एक सूचना करून हा लेख पुरा करतो. मंडळाची सहल तंजावरास निघेल तेव्हा बृहदीश्वराच्या भिंतीवरील मराठी अक्षरे पाहून ओरत्तनाडूपर्यंत जावे. बरोबर एक काठी, एक दोरी आणि कोणाकडे असल्यास एक दुर्बीण असावी. उत्तर दिशा मुलांकडूनच काढवावी, आणि काय मोजले ते त्यांच्याच हाताने, मराठीत, मंडळाच्या वहीत तारखेनिशी लिहवून घ्यावे. पुढील पन्नास वर्षांनी ध्रुवतारा खऱ्या ध्रुवाच्या आणखी जवळ आलेला असेल. त्या वेळी ती वही काढून पडताळा पाहणारे कोणीतरी मंडळात असावे.